कागदातलं खलास

आदिलाबादच्या कचेरीत तीस-बत्तीस वर्षं एक वाक्य चालत आलं होतं : "कागद वाचता येत नाही? मग कुमुदबाईंकडं जा." निजामाच्या वेळचा जुना कागद काय प्रकरण असतं, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. घाईत ओढलेली, एकमेकांना लगटलेली फारसी शिकस्ता अक्षरं, नुक्ते उडालेले, उरलंसुरलं वाळवीनं खाल्लेलं. जैनथचा शेतकरी असो की उटनूरकडचा गोंड पटेल, आजोबाच्या पेटीतला कागद घेऊन तो आधी मौलवींकडं जायचा, मौलवी म्हणायचे हे आमचं छापील उर्दू नाही, आणि मग स्वारी कुमुदिनीबाईंच्या टेबलापाशी येऊन उभी राहायची. बाई चष्मा पुसायच्या, कागद खिडकीकडं धरायच्या आणि घडाघडा मराठीत सांगायच्या. समोरचा तेलुगू असला तर तेलुगूत.

कचेरीतले लोक चिडवायचे, "पढ़े फारसी, बेचे तेल." बाई म्हणायच्या, "तेलाचा भाव बघितला का? विकलेलं परवडलं असतं." चिडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण गर्व होता. खोटं कशाला बोला, चांगला भरपूर गर्व होता.

ही विद्या वडिलांकडून आली. शामराव रेकॉर्डखान्यात नक्कलनवीस, म्हणजे जुन्या कागदांच्या नकला करून देणारे. मुलगा झाला नाही म्हणून विद्या मुलीला गेली. सरावासाठी त्यांनी रद्दीत निघालेलं तुरुंगाचं एक जुनं रजिस्टर घरी आणलं होतं. त्यात कैद्यांची नावं आणि प्रत्येक नावापुढं शेरा. दहा वर्षांच्या कुमुदनं पहिला शेरा अडखळत वाचला, "खलास", आणि घाबरून विचारलं, "बाबा, हे सगळे मेले?"

शामराव हसले. "अगं वेडे, कागदावर खलास म्हणजे सुटला. बाजारात खलास म्हणजे मेला. आपन कागद वाचनारे लोक, बाजार नाही."

हे वाक्य तिनं गाठीला बांधलं. पुढं जे झालं ते या गाठीमुळंच झालं.

कॉलेजसाठी शामरावांनी तिला हैदराबादला मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. ते साल शहात्तर. खोलीत दुसरी मुलगी होती, इराणातल्या शिराजची, माहीन. त्या दिवसांत इराणी पोरं-पोरी हैदराबादला, पुण्याला शिकायला ढिगानं यायच्या. माहीनचे केस खांद्यापर्यंत मोकळे, अंगात गुडघ्यापर्यंतचा झगा, आणि आवाज असा की मेसमधल्या मांजरी पळाव्यात. कुमुदला वाटलं, चला, आपली फारसी हिला दाखवू. पहिल्याच जेवणाला तिनं फारसीत मीठ मागितलं. ते मराठीत असं काहीसं झालं असतं : "हुजुरांच्या सेवेशी अर्ज ऐसाजे, मीठ मरहमत व्हावे."

माहीन हसता हसता बाकावरून खाली आली. तिच्या खापरपणजोबांच्या वेळच्या कारकुनाचं भूत या सावळ्या, दोन वेण्यांच्या मुलीच्या अंगात शिरलंय, असं ती दोन दिवस सगळ्या वसतिगृहाला सांगत फिरली. कुमुद दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मेसवाल्या बाबूमियांनी तिची फिटंफाट करून दिली. पातेलं पालथं घालून तो नेहमीच्या आवाजात ओरडला, "दाल खलास!" माहीन दचकली. "डाळ सुटली? कुठल्या तुरुंगातून?" तिच्या फारसीत खलास होणं म्हणजे सुटका होणं. आता हसायची पाळी कुमुदची होती. तिनं शिकवलं : आमच्याकडं खलास म्हणजे संपलं, गेलं, उरलं नाही. त्या दिवसापासून त्यांच्या खोलीत सगळंच खलास होऊ लागलं. शाई खलास, पैसे खलास, परीक्षा खलास. माहीन अगदी बाबूमियांसारखं नाकात म्हणायची.

मार्चमध्ये त्यांचं नवं वर्ष, नवरोज. माहीननं पत्र्याच्या ताटलीत गहू उगवले. कुमुदला नवल वाटलं, आमच्याकडं नवरात्रात घटाखाली अगदी असंच उगवतात. तेराव्या दिवशी ते हिरवं वाहत्या पाण्यात सोडायचं, घरात ठेवलं तर वर्षाची इडापिडा घरातच राहते, असं माहीननं सांगितलं. दोघींनी ते मुसीत सोडलं. मुसी तेव्हाही फार वाहत नव्हती.

एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत माहीन परीक्षा टाकून परत गेली. शाह पळाला होता, देश नवा होणार होता, आणि अशा वेळी हैदराबादेत बसून कोण रसायनशास्त्र पाठ करणार? जाताना ती नाचत होती. महिन्याभरात पत्र आलं. आठ मार्चला बायकांनी तेहरानच्या रस्त्यावर बर्फात मोर्चा काढला होता, डोक्याला रुमाल बांधण्याची सक्ती नको म्हणून. समोरून माणसं ओरडत आली, "रूसरी या तूसरी." रुमाल डोक्यावर घे, नाहीतर डोक्यात घे. माहीननं लिहिलं होतं, "शब्दांचा खेळ तुला आवडेल म्हणून लिहिते. मला नाही आवडला."

पुढची पत्रं पातळ होत गेली. विद्यापीठं बंद झाली. माहीन मुलींच्या शाळेत शिकवू लागली. इराकशी युद्ध लागलं, धाकटा भाऊ खोर्रमशहरच्या बाजूला गेला आणि त्याचं फक्त नाव परत आलं, शहीद म्हणून गल्लीच्या पाटीवर. एका पत्रात एकच ओळ होती : "मी रुमाल घेतला, कुमू. पगार चालू राहिला." पाकिटं फोडून पुन्हा चिकटवलेली असायची. चौऱ्याऐंशीनंतर तीही येईनाशी झाली.

इकडं कुमुदिनीचंही फार काही वेगळं झालं असं नाही. शामरावांना अर्धांगवायू झाला, वर्षावर वर्षं गेली, स्थळं यायची थांबली. ती वडिलांच्याच रेकॉर्डखान्यात लागली, वडील गेले, ती निवृत्त झाली. कुणी तिच्यावर काही सक्ती केली नाही. पण केली असती तर निदान दोष द्यायला कुणीतरी मिळालं असतं, असं ती एकदा बोलून गेली होती.

दोन हजार चौदा साली चुलतभावाची नात वल्लरी सुटीत आली आणि तिनं अर्ध्या तासात फोनवर माहीन शोधून काढली. तीस वर्षं जे पोस्टाला जमलं नाही ते पोरीनं आंब्याची फोड चोखत केलं. पडद्यावर एक पांढऱ्या केसांची म्हातारी आली आणि नाकात म्हणाली, "दाल खलास!" कुमुदबाई रडल्या. वल्लरीला वाटलं, फोन बिघडला.

त्या म्हातारीच्या खांद्यामागून एक तेरा वर्षांची मुलगी डोकवायची. माहीनची नात, रोया. रोया म्हणजे स्वप्न. कुमुदबाईंकडं स्वयंपाकाला येणाऱ्या बयनाबाईच्या नातीचं नाव सपना, त्यामुळं बयनाबाईनं निकाल देऊन टाकला, "म्हंजे आपली सपनाच की." रोयानं दोन मराठी वाक्यं घोटून ठेवली होती. 'कशी आहेस' आणि 'जेवलीस का'. फोन लागला की आधी तिचा आवाज, "जेवलीस का, खाले कुमू?" खाले म्हणजे मावशी. भाकरी थापता थापता बयनाबाई आतून उत्तर द्यायची, "जेवलो वं माय, तू जेवली का?" अशी आठ वर्षं गेली. रोया कॉलेजात गेली, तिनं गिटार घेतली, ती मोडली, दुसरी घेतली. हे सगळं आदिलाबादच्या त्या दोन खोल्यांत कळत होतं.

मग बावीस साली ते झालं. रुमाल नीट नव्हता म्हणून धरून नेलेली एक तरुण मुलगी कोठडीत असताना मेली, आणि इराणभर पोरी रुमाल काढून रस्त्यावर आल्या. "ज़न, ज़िंदगी, आज़ादी" अशी घोषणा. कुमुदबाईंनी ती बयनाबाईला ऐकवली. तीनातले दोन शब्द तिला न शिकवता कळले. उरलेल्या एकाचा अर्थ बाई, हे कळल्यावर म्हणाली, "मंग तं सगळंच कळ्ळं."

रोयानं केस मोकळे सोडलेला स्वतःचा फोटो पाठवला. माहीननं त्याखाली लिहिलं, "मी घातलेला रुमाल हिनं काढला." त्यात अभिमान होता की भीती, ते कुमुदबाईंना उमगलं नाही. कार्तिकात रोयाला कॉलेजातून घरी येताना उचललं.

त्यानंतर माहीनचा एकच फोन आला, जेमतेम दोन मिनिटांचा. ती हळू बोलली. "आता सरळ काही लिहिणार नाही. सगळं वाचतात. मोडकंतोडकं लिहीन. तू मोडकं अक्षर वाचणारी आहेस, तुला कळेल." कुमुदबाईंनी फोन ठेवला आणि स्वतःशीच मान डोलावली. पन्नास वर्षांच्या विद्येला अखेर कुणाचं तरी खरं काम पडलं होतं.

हिवाळा त्यांनी फोन उशाशी घेऊन काढला. फेब्रुवारीत पेपरात आलं, इराणात हजारो कैद्यांना माफी, सुटका सुरू. कुमुदबाईंनी कात्रण कापून देवघरात ठेवलं. रोज सकाळी देवाआधी ते वाचायच्या.

चौदा मार्चला सकाळी फोन वाजला. माहीन. तीन शब्द. "रोया खलास शुद."

बाईंनी ते मोठ्यानं वाचलं, शुद म्हणजे झाली असं सांगितलं आणि हसायला लागल्या. साठी उलटलेली बाई टाळ्या वाजवत हसत होती. स्वयंपाकघरातून बयनाबाई बाहेर आली, पिठाचे हात तसेच, आणि दारातच मटकन खाली बसली.

"बाई, तुमी हासून काऊन राह्यल्या?"

"अगं सुटली! रोया सुटली!"

"खलास म्हन्लं ना तुमी?"

"बयने, कागदावर खलास म्हणजे सुटला. बाजारात खलास म्हणजे मेला. त्यांची भाषा कागदातली. तुझी बाजारातली."

बयनाबाई शिकलेल्या माणसापुढं कधी वाद घालत नसे. फक्त तिच्या डोळ्यांतलं पाणी काही मागं गेलं नाही, आणि कुमुदबाईंना त्याचा रागच आला. शुभ घडीला डोळे गाळते!

बाई स्वतः चौकात जाऊन पेढे घेऊन आल्या. आल्या तर बयनाबाईनं मोरीत डोक्यावरून पाणी घेतलेलं, केसांतून थेंब गळताहेत. आपल्याकडं कुणी गेल्याची बातमी कानावर आली की डोक्यावरून पाणी घेतात, हे काय कुणाला सांगायला हवं? कुमुदबाई कडाडल्या, "तुला काही अक्कल? जिवंत पोरीच्या नावानं आंघोळ करतेस?" बयनाबाईनं खाली मान घालून पेढा घेतला आणि पदराच्या टोकाला बांधला.

मग बाईंनी फोनवर आवाज भरून पाठवला. आधी मनसोक्त हसल्या. मग अस्सल कचेरीच्या फारसीत म्हणाल्या, "हुजुरांस मुबारक, हजार मुबारक." शेवटी मराठीत, "रोया, जेवलीस का गं?" सोबत पेढ्यांच्या पुड्याचा फोटो. पडद्यावर एकच टिक उमटली. म्हणजे इथून निघालं, तिथं पोचलं नाही. तिकडं इंटरनेट बंद करतात, चालायचंच. बाईंनी ताटलीत गहू भिजत घातले. यंदा नवरोज आणि पाडवा लागूनच आले होते, आणि तेराव्या दिवशी ते हिरवं रोयाच्या नावानं पैनगंगेत सोडायचं असं ठरवून टाकलं.

पाच दिवस टिक एकच राहिली. रविवारी सकाळी बाई ओसरीत पेपर वाचत होत्या. आतून डबा खडखडल्याचा आवाज आला आणि बयनाबाई रोजच्यासारखी ओरडली, "बाई, दाळ खलास झाली, आनाले सांगा."

पेपर बाईंच्या हातातून पडला.

बाबूमियांचं पातेलं, पत्र्याची ताटली, शाई खलास, पैसे खलास, नाकातला तो आवाज, सगळं एकदम अंगावर आलं. सगळं वाचतात, म्हणून माहीननं पाळतीवरच्या माणसांना कळणार नाही अशा भाषेत लिहिलं होतं. तिकडच्या वाचणाऱ्यानं वाचलं असतं, पोरगी सुटली. जगात एकच बाई अशी होती जिनं त्याचा दुसरा अर्थ वाचायचा होता, कारण तिनंच तो शिकवला होता. आणि त्या बाईनं बापाचं रजिस्टर वाचलं.

"तसंच असेल असं नाही," बाई मोठ्यानं म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या कोण जाणे. मग त्यांनी फोन उचलला. टिक अजून एकच होती. म्हणजे हसू अजून पोचलं नव्हतं, वाटेत कुठंतरी होतं, परत ओढता येण्यासारखं. बोट दाबून धरलं. हटवायचं तर खाली एकच पर्याय आला : माझ्यासाठी हटवा. सगळ्यांसाठी हटवायची मुदत टळून गेली होती. त्यांनी हैदराबादला वल्लरीला फोन केला. "आजी, ते आता नाही होत," वल्लरी म्हणाली. "काय होतं त्यात?"

"काही नाही," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी खाली लिहिलं. पन्नास वर्षं दुसऱ्यांचे अर्ज वाचलेल्या बाईला तिची स्वतःची अशी फारसी नव्हतीच. जे येत होतं तेच आलं : "सेवेशी अर्ज ऐसाजे, वरील आवाज ऐकू नये. मरहमत व्हावी." हे मीठ मागण्याइतकंच हास्यास्पद आहे हे त्यांना कळत होतं. याचीही एकच टिक.

त्यानंतर बाई दिवसातून पन्नास वेळा फोन उघडायच्या. मनात एकच चाललेलं : आधी हसू उघडेल की आधी अर्ज? पाडव्याला शेजारी गुढ्या उभ्या राहिल्या, तेलुगू घरांतून उगादीची पच्चडी आली, बाईंनी ती वाटी तशीच बयनाबाईला दिली. गहू मात्र वीतभर वाढले. पाणी बयनाबाईच घालत होती.

दोन एप्रिल, तेरावा दिवस. घरात ठेवायचं नाही म्हणून जायलाच हवं होतं. बयनाबाईचं माहेर जैनथच्या पुढं नदीकाठी, तिला वाट ठाऊक. बस, मग ऑटो, मग पायी. बाईंच्या मांडीवर ताटली, वर ओला फडका. ऑटोवाल्यानं विचारलं, "मॅडम गारू, कसलं रोप आहे?" बयनाबाई म्हणाली, "देवाचं हाय."

पैनगंगा उन्हाळ्यात आटते. दगडांमधून गुडघाभर पाण्याची एक धार तेवढी चालली होती. बाईंनी ताटली पाण्याला लावली, आणि फोन वाजला. त्यांनी एका हातानं घाईघाईत फोन काढला आणि हिरवं सगळं एका बाजूला कलंडलं. फोनवर कंपनीचा निरोप होता, महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे. पलीकडच्या काठाचा टॉवर लागला होता. बयनाबाईनं पाण्यात उतरून गहू धारेला लावून दिले. ते थोडं गेले, एका दगडाला अडले, मग सुटले.

फोन पुन्हा वाजला. बाईंनी पाहिलं. टिका दोन झाल्या होत्या. बघता बघता निळ्या झाल्या, आधी हसण्याच्या, मग पेढ्यांच्या, मग सगळ्यात शेवटी अर्जाच्या. वर नाव आलं, माहीन लिहीत आहे. ते गेलं. परत आलं. परत गेलं. कुमुदबाई उन्हात उभ्या होत्या आणि त्यांच्या तोंडातून नुसता 'नको, नको' असा आवाज निघत होता.

मग ओळ आली. त्यांनी ती वाचली. मोडकं असं तिच्यात काहीच नव्हतं.

"हसू आधी ऐकलं, अर्ज नंतर वाचला. ते बाबूमियांचं खलास होतं, कुमू."

बाई वाळूत बसल्या. काहीतरी लिहायला म्हणून त्यांनी बोट पडद्यावर ठेवलं, आणि फारसीचा एक शब्द, एक अक्षरसुद्धा आठवेना. मराठीतही नाही. बयनाबाईनं पदराची गाठ सोडली, त्यात एकोणीस दिवसांचा दगडासारखा झालेला पेढा होता, तो तिनं पाण्यात सोडला.

"तुला कळलं होतं," बाई म्हणाल्या.

"मले काय कळते बाई. मले तं बाजारातलंच येते."

तिनं कुमुदबाईंच्या हातातून फोन घेतला, चष्मा काढून घेतला, दोन्ही ताटलीत ठेवून वर फडका टाकला. मग दंडाला धरून त्यांना उठवलं.

"चला बाई," ती म्हणाली. "उतरा पान्यात. डोक्यावरून घ्या."